डिजिटलवरचे केस

इमल, आज सकाळपासून मी एका जागी बसलेली नाही. चुलीवर पाणी तापवलं आणि तसंच गार होऊ दिलं. फडताळातून तुरटीचा खडा काढला, परत ठेवला. लिहायला बसले तरी दोनदा उठून दाराशी जाऊन आले. उद्या पुनव. पुनवेच्या आणि अवसेच्या आदल्या दिवशी तुझं डोकं करायचं, ही माझ्या हाताला लागलेली सवय. हाताला कोण सांगणार की आता डोकंच नाही म्हणून?

तुला जाऊन पंधरवडा झाला. त्या दिवशीही पाणी तापतच होतं. मी टॉवेल घेऊन बाहेर आले, तर तू भिंतीला टेकून बसलेली. मान कललेली. मला वाटलं डुलकी लागली. मी म्हटलं, "झोपू नको, ब्लेड लागंल." तू ऐकलं नाहीस. तसं माझं तू कधीच ऐकलं नाहीस, पण निदान उलट बोलायचीस.

तुला आंघोळ घालताना माझा तळवा तुझ्या डोक्यावरून फिरला. पंधरा दिवसांचं खुरटं, जोंधळ्याच्या कापलेल्या रानासारखं. मी वस्तरा मागितला. शेजारच्या बायका म्हणाल्या, "मेलेल्याला वस्तरा लावत्यात व्हय?" तेवढ्यात तुझा दीपक श्रीपूरहून पोचला. त्यानं तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "राहू द्या, मावशी. थोडे तरी आलेत." तो लेक. मी काय बोलणार? तू ते खुरटं घेऊनच गेलीस. तेव्हापासून माझ्या बोटांना स्वस्थता नाही.

आणि त्यात आजचं हे.

आज सकाळी दूध आणायला चौकात गेले. तिथं दोन बांबूंना डिजिटल बांधलेला. आपल्याकडं कुणाचा वाढदिवस असो की कोण मेलेलं असो, माणसापेक्षा मोठा फोटो छापून चौकात लावतात, तोच. वर लिहिलं होतं की उद्या विहारात तुझ्या नावानं पुण्यानुमोदन, सगळ्यांनी यावं. खाली दीपकचं आणि माझं नाव. आणि मधे तू.

तोंड तुझं होतं. हसू तुझंच, पुढचा दात नसलेलं. अंगावर तुझं भिक्खुणीचं चीवर. आणि डोक्यावर केस! काळेभोर, मधोमध भांग पाडलेले, मागं अंबाडा. चीवर नेसलेली आणि अंबाडा घातलेली बाई तू कधी बघितलीस का? मी नाही बघितली. सगळ्या जगात ती एकच असंल, आपल्या चौकात.

दूधवाल्यापाशी रखमा उभी होती. तू चीवर घेतल्यापासून सगळी गल्ली तुला आर्याजी म्हणते. ती म्हणाली, "बघा की, आर्याजी किती छान दिसत्यात! तरण्याताठ्या."

मी म्हटलं, "ती ती न्हाईच."

"असं का म्हंता? तुमचीच भन न्हवं का?"

"तोंड माझ्या भणीचं हाय. केस कुणाचे हायत ते त्या बाईला इचारा."

दुधाची पिशवी तिथंच विसरले. परत जाऊन आणली. परत डिजिटलकडं बघितलं. तू हसत होतीस. मला वाटलं, ही माझ्यावरच हसतेय. कारण तुझे केस गेल्याचं सगळ्यात जास्त दुःख केलं कुणी? मी. सगळ्यात जास्त भांडलं कोण? मीच. आज तुला केस मिळाले तर मी खूश व्हायला पाहिजे होते की.

तू दीक्षा घेतलीस तो दिवस आठव. मी विहारात आले ते तुला परत न्यायला. तुझा नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, दीपकचं लग्न झालेलं, तो श्रीपूरच्या साखर कारखान्यात लागलेला. मला वाटलं, आता कुठं तुझ्या पाठीला टेकायला भिंत मिळाली, तर ही चालली उठून. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात कुणीतरी पांढऱ्या कापडाची दोन टोकं माझ्या हातात दिली. "धरा. केस जमिनीवर पडू द्यायचे न्हाईत." झालं. तुला न्यायला आलेली मी तुझे केस झेलत उभी राहिले.

भंतेजी पाली म्हणत होते आणि तू त्यांच्या मागून म्हणत होतीस. केसा, लोमा, नखा, दन्ता, तचो. मला वाटलं पाढे म्हणताय. भंतेजींनी पहिली बट कापली. मग त्या थोरल्या आर्याजींनी वेणी कापली. ती कापडात पडली तेव्हा माझा हात खाली गेला, इतकी जड. आणि गरम. अजून तुझ्या अंगाची ऊब होती तिला. आईनं करंजीचं तेल लावून लावून वाढवलेले केस ते. आपल्या गल्लीत तुझ्याइतकी वेणी कुणाची नव्हती. मला आईनं कधी तेवढं तेल लावलं नाही, हेही सांगून टाकते.

मी रडले नाही. पण मागं बसलेल्या दोघी कुजबुजल्या ते ऐकलं. "नवरा मेला तवा कुणी बोडकं केलं न्हाई, ही आपणहून करून घेती." बोडकी. आपल्यात नवरा मेल्यावर बाईचं डोकं कधी कुणी केलं नाही. पण तो शब्द शिवी म्हणून सगळीकडं फिरतो. तो शब्द तू आपल्या हातानं उचलून डोक्यावर घेतलास, ह्याचा मला राग होता. अजून थोडा आहे.

मग तुझ्या छातीत पाणी झालं आणि विहारातल्या बायकांनी तुला माझ्याकडं आणून सोडलं. तुझा हात थरथरायला लागला होता. पहिल्याच पुनवेच्या आदल्या दिवशी तू वस्तरा माझ्यापुढं धरलास.

"आक्का, तूच कर."

"मी न्हावी हाय का?"

"कारखान्यात टॉवेलचे दोरे कापत होतीस की. हे पण तसंच."

मी केलं. आणि दर खेपेला विचारलं, का? सांग ना, का काढायचे? मेंढीचे काढतात ते लोकरीसाठी. तुझे कशासाठी?

तू दर खेपेला वेगळं उत्तर दिलंस. म्हणूनच मला शंका यायची. एका प्रश्नाला इतकी उत्तरं असली की समजावं, खरं अजून बाहेर आलेलं नाही.

आधी तू तलवारीचं सांगितलंस. सिद्धार्थानं घर सोडलं, नदी ओलांडली आणि तलवारीनं आपले केस कापले, म्हणून.

मी म्हटलं, "तो राजवाडा सोडून गेला. तू काय सोडलंस? गळका पत्रा?"

"पत्रा काय न् वाडा काय, सोडताना जड तेवढंच लागतं, आक्का."

"मग मी बी सोडते. पुढच्या पावसात."

तू इतकी हसलीस की मला वस्तरा बाजूला घ्यावा लागला.

मग एकदा म्हणालीस, केसांत लई वेळ जातो. तेल, फणी, उवा, आरसा. तो वेळ वाचतो आणि मन दुसरीकडं लागतं. मी म्हटलं, "आणि हा दर पंधरा दिवसांनी माझा वेळ जातो तो कुणाच्या खात्यात? माझ्या मनाचं काय?" तू म्हणालीस, "तुझं मन बी लागतंय की. केस करताना तू कुणाला शिव्या देत न्हाईस." ते खरं होतं.

ते पाढेही तू मला समजावलेस. केस, अंगावरची लव, नखं, दात, कातडी. "माणूस माणसाचं बघतो ते एवढंच, आक्का. गोरी का काळी, दात सरळ का वाकडे, केस लांब का आखूड. त्याच्या पल्याड कोण बघतंय? म्हणून सुरुवात तितनंच करायची." मी म्हटलं, मग दात पण काढून टाक. तू जीभ पुढच्या फटीत घालून दाखवलीस. "एक काढलाय की."

आणखी एकदा म्हणालीस, विहारात बसलेल्या बायकांत सवाष्ण कोण, रांडाव कोण, सोडलेली कोण, कुणाच्या घरची कोण, काही कळू नये. सगळ्या सारख्या. मी म्हटलं, "आत कळत न्हाई, पण बाहेर पडलं की समद्यांना कळतं. रिक्षावाला सुदिक वळून बघतो."

"बघू दे की. त्यानं बघितलं म्हंजे माझा मला इसर पडत न्हाई."

आणि मी माझे केस विंचरून गुंतवळ भिंतीच्या भोकात कोंबायला लागले की तू टपून असायचीस. "साठव, साठव. केसवाली येईल, तुला पातेलं दील. आमच्या डोक्याला काय भाव न्हाई बघ." केसवाली अजून येते, इमल. परवाच आली होती. मी गुंतवळ दिलंच नाही. का ते विचारू नको. भोकात तसंच आहे.

पण एक उत्तर तू एकदाच दिलंस. ते मी विचारलंही नव्हतं.

अगदी पहिल्या खेपेची गोष्ट. साबण लावून अर्धं डोकं झालं होतं. मागं टाळूवर एक व्रण होता, तो मला माहीत होता. मागावरून धोटा उडून लागला होता, कारखान्यात मीच तुझ्या डोक्याला फडकं बांधलं होतं. पण पुढं, डाव्या कानशिलाच्या वर, दुसरा निघाला. विळ्यासारखा वाकडा. इतकी वर्षं केसांखाली होता. मी तुझी सख्खी बहीण, आणि मला ठाऊक नाही.

"हे कुठलं?"

"चुलीची कड."

"पडलीस?"

"पाडलं."

मी थांबले. साबणाचं पाणी तुझ्या मानेवरून खाली चाललं होतं. तू ते पुसलंस आणि जसं भाजीचं सांगावं तसं सांगितलंस. "केस धरून ओढायचा, आक्का. वेणी लई लांब होती न्हवं. हाताला दोन वेढे द्यायचा आन् मग ओढायचा. माणूस कुटं पळणार? बैल कासऱ्यानं धरतात तसं." मग स्वतःच्या भादरलेल्या अर्ध्या डोक्यावरून हात फिरवून तू हसलीस. "आता धरायला काय न्हाई."

इमल, मी काय म्हणाले आठवतंय? मी म्हणाले, "हलू नको." एवढंच. आणि उरलेलं डोकं पुरं केलं. त्याच्यापेक्षा जास्त बोलता येण्याइतकं मला कुणी शिकवलं नाही. पण डाव्या कानशिलावर आले की दर खेपेला मी वस्तरा हलका धरला. तुला ते कळत असणार. तू डोळे मिटायचीस. ज्या डोक्यावर कुणाचा हात आला की तुझा जीव घाबरा होत असंल, ते डोकं तू माझ्या हातात दिलंस आणि डोळे मिटलेस. त्याबद्दल मी तुझी आभारी आहे. हे समोरासमोर मी मेले असते तरी बोलले नसते.

तर आज सकाळी दुधाची पिशवी ओट्यावर आपटली आणि दीपकला उठवलं. काल मुक्कामाला आलाय तो.

"दीपक, त्या डिजिटलवर कुणाचे केस हायत?"

तो डोळे चोळत म्हणाला, "कंप्यूटरवर बसवून देतात, मावशी. मोबाईलवरचा फोटो दिला, दुकानवाल्यानं करून दिलं. आता सगळेच करतात. मेलेल्याला कोट घालतात, फेटा घालतात."

"तिनं जे काढलं ते तू बसवलंस."

"उद्या माझ्या कारखान्यातली माणसं येणार हायत. त्यांनी आईला कधी बघितलं न्हाई. असा फोटो बघून इचारतील, कॅन्सर झालता का? कुणाकुणाला सांगत बसू?"

"सांग की, आई भिक्खुणी होती. लाज वाटती व्हय?"

तो चिडला. "तुम्ही मला शिकवू नका. तुम्हीच तर म्हणायचा, कशाला बोडकी झाली म्हणून. आज उलटं?"

हे बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग आला. मी म्हटलं, "मी तिच्याशी भांडले. तिच्या तोंडावर. ती जिवंत होती, मला उत्तर देत होती. मेल्यावर तिला अंबाडा घालायला मी गेले न्हाई."

त्यानं चहा तसाच निवत ठेवला. मग खाली बघत म्हणाला, "मावशी, मी ल्हान असताना आईच्या वेणीचं टोक मुठीत धरून झोपायचो. ती उठली की मला कळायचं. मला आई म्हटलं की तेच आठवतं. दीक्षेला मी आलो न्हाई ते त्याच्यापायी. नंतर वेणी मागितली तर म्हणाली, बोधीच्या झाडाखाली पुरली."

मला वाटलं होतं त्याला लोकांची लाज वाटतेय. त्यातलं थोडं होतंच. पण उरलेलं हे होतं. माझ्या जिभेवर त्याचा बाप आला. त्या वेणीला अजून एक हात होता, तुला ठाऊक हाय का, असं विचारावंसं वाटलं. गिळलं. मेलेल्या बापाला लेकाच्या तोंडावर मारून तुला काय मिळालं असतं? तूही त्याला कधी सांगितलं नाहीस.

मी एवढंच म्हटलं, "तुझ्या घरी तिचा लग्नातला फोटो हाय. त्याच्यात वेणी हाय, गजरा हाय. तो तुझा. त्याला कोण हात लावत न्हाई. पण चौकातली बाई ती जशी गेली तशी पायजे. उद्या विहारातल्या आर्याजी येतील, त्यांनी काय बघायचं? चल, दुसरा छापून आणू. रिक्षा बघ."

तो उठला नाही. मी चप्पल घालून एकटीच निघाले. कोपऱ्यावर पोचले तर तो मागून रिक्षा घेऊन आला. तोंड फुगवलेलं. ल्हानपणी फुगवायचा तसंच.

नवी पेठेतल्या एका बोळात ते डिजिटल छापायचं दुकान. तिथला माणूस दीपकच्याच वयाचा, बोलायला गोड. "या आजी! कसा झालाय? एक नंबर झालाय की. कमेंट कुणी केली तर सांगा, अजून केस दाट करून देतो."

"केस काढ," मी म्हटलं.

"आँ?"

"ती भिक्खुणी होती. त्यांच्यात केस काढतात. काढ."

त्यानं दाराबाहेर उभ्या दीपककडं बघितलं. दीपकनं रस्त्याकडं बघितलं. तो माणूस कंप्यूटरपुढं बसला आणि तुझा फोटो मोठा केला. सगळ्या पडद्यावर तू. मी त्याच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिले, तुझ्यामागं उभी राहायची तशी. मला वाटलं आता तो हळूहळू काढंल, कपाळाकडून मागं, कानाशी सांभाळून. मी सांगणारही होते की डावीकडं हलका हात धर. पण त्यानं एका बोटानं टिचकी मारली आणि सगळे केस एकदम गेले. अंबाडा, भांग, सगळं. आपल्याला पाणी, साबण, तुरटी, मानेखाली टॉवेल आणि निम्मी सकाळ लागायची. तो टिचकी मारून मोकळा.

खाली तू होतीस. माझ्या नातीनं मोबाईलवर काढलेला फोटो, उंबऱ्यावर बसलेली, नुकतंच डोकं झालेलं, तुरटीनं चकाकणारं. मीच केलेलं होतं ते डोकं. चांगलं झालं होतं.

त्या माणसानं अजून जवळ घेतलं. "आजी, हा इथं डाग दिसतोय बघा, कानाच्या वर. हा क्लीन करून देऊ? एक मिनिट लागंल."

विळ्यासारखा वाकडा. मी बोलायला तोंड उघडलं, पण मागून आवाज आला.

"नको. तो राहू द्या."

मी वळले. दीपक कधी आत आला मला कळलं नाही. तो पडद्याकडं बघत होता, माझ्याकडं नाही.

"मावशी," तो म्हणाला, "वेणीचं टोक माझ्या मुठीत असायचं."

दुकानदार बिचारा दोघांच्या तोंडाकडं बघून छापायला लागला. मी बाकावर बसले, उठले, परत बसले. तुझ्या लेकाच्या मुठीतून ते टोक किती वेळा ओढलं गेलं असंल ह्याचा विचार करत होते. त्याला तुझे केस परत हवे होते, आणि ते का गेले हे त्याला आपल्या सगळ्यांच्या आधीपासून ठाऊक होतं. दोन्ही एकाच माणसात. तुझ्या पाढ्यांत हे कुठं बसतं ते तू असतीस तर विचारलं असतं. तू काहीतरी सांगितलंच असतंस, आणि मी ते खोडलं असतं.

कारण मला अजून सगळं पटलेलं नाही, इमल. ज्यानं ओढले त्याचं काही गेलं नाही, आणि केस गेले तुझे, हे मला अजून टोचतं. तू म्हणाली असतीस, गेले न्हाईत, मी सोडले. मी म्हणाले असते, एकच की. तू म्हणाली असतीस, एक न्हाई, आक्का. आणि एकदा सोडून भागत न्हाई, पंधरा दिवसांनी परत येतात, परत सोडायचे. हे शेवटचं तू कधी म्हणाली नव्हतीस. ते माझ्या हाताला आपोआप कळलंय, तुझं डोकं करता करता.

रिक्षात ती गुंडाळी आम्ही दोघांच्या मांड्यांवर आडवी धरली. दीपकचं एक टोक, माझं एक. उतरताना तो म्हणाला, "सावकाश, मावशी."

दिवेलागणीला चौकात जुना डिजिटल उतरवला. नवा बांधायला दीपक बांबूवर चढला, मी खाली उभी. आज वारा होता. वरची दोरी बांधली, पण खालची बाजू सुटून फडफडायला लागली, सगळा डिजिटल फुगायचा आणि तुझं तोंड वाकडं व्हायचं. दीपक वरून ओरडला, "मावशी, धरा की जरा!"

मी पुढं झाले. खाली ओढून धरलं तरी मधून फुगत होतं. मग दुसरा हात वर करून, टाचा उचलून, तळवा तुझ्या डोक्यावर टेकवला, डाव्या कानशिलापाशी, हलका.

म्हटलं, "हलू नको."